माथा, ओढ, घडी, फीत

त्या शनिवारी मी आईला घ्यायला सातपूरला छापखान्यात गेले तेव्हा ती मशीनवर होती. माझ्याकडे न बघता तिने हातानेच थांब म्हटलं. मी दाराशी उभी राहिले आणि तिचं काम बघत बसले. ते बघायला मला लहानपणापासून आवडायचं.

तिच्या छापखान्यात सलग कागदावर छपाई होते. दूध संघांची बिलं, विंचूरच्या कांदा व्यापाऱ्यांच्या पावत्या, सोसायट्यांचे हिशेब. कागद खोक्यातून वर येतो, त्याच्या दोन्ही कडांच्या भोकांत मशीनचे दाते अडकतात आणि छापलेला कागद मागच्या बाजूला पुन्हा घडीवर घडी होऊन बसतो. सगळी मशीन चालू असली की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही.

आई तिथली पहिली बाई ऑपरेटर. पहिली आणि सगळ्यात चांगली, असं ती स्वतःच सांगायची. नम्रता तिला कधी जमली नाही आणि तिने प्रयत्नही केला नाही. ती पुढे बटणांपाशी, सावळीरामकाका मागे कागदापाशी, अशी त्यांची जोडी वर्षानुवर्षं चालली. त्या गोंगाटात एकमेकांना सांगायचं कसं, यासाठी आईने शब्द ठरवले होते. पहिली ओळ पानाच्या बरोबर जागी आणायची म्हणजे 'माथा'. कागद दात्यांवर ताणून बसवायचा म्हणजे 'ओढ'. मागचा गठ्ठा नीट बसत नसला की 'घडी'. शाईची रिबन बदलायची की 'फीत'.

हे शब्द तिने ऐकण्यासाठी निवडलेच नव्हते, दिसण्यासाठी निवडले होते. 'माथा' म्हणताना ओठ मिटतात, 'ओढ' म्हणताना गोल होतात, 'घडी'ला फाकतात, 'फीत'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. रिबनला आधी सगळे पट्टी म्हणत. पण 'पट्टी' म्हणतानाही ओठ मिटतात. लांबून काकांना तो 'माथा' वाटला, त्यांनी चांगला बसलेला कागद सरकवला आणि दूध संघाची सगळी बिलं दोन पानांत अर्धी अर्धी छापून निघाली. दुसऱ्या दिवसापासून आईने पट्टी हा शब्द बंद केला. घरातसुद्धा. लग्नाच्या हॉलमध्ये समोरच्या रांगेतून ती नुसते ओठ हलवून 'घडी' म्हणायची आणि मी निमूट निऱ्या नीट करायची.

त्या शनिवारी कोपऱ्यात नवं मशीन खोक्यातच होतं. ते बसवणाऱ्या कंपनीने बटणांवर लावायच्या मराठी स्टिकरसाठी शब्दांची यादी पाठवली होती. या भागात जाणाऱ्या प्रत्येक मशीनवर तेच स्टिकर लागणार होते. स्कूटरवर मागे बसून आईने मला ती यादी मंगलाष्टकांच्या चालीत म्हणून दाखवली.

"प्रपत्र-शीर्ष-संरेखन," ती म्हणाली. "म्हणजे आपला 'माथा'. हे म्हणून होईपर्यंत निम्मं खोकं छापून निघेल. रोशनी, तू पुस्तकांची प्रुफं तपासतेस ना? त्या कंपनीच्या इंजिनिअरला सांग, माझे शब्द लाव म्हणावं. मला त्या मशीनवर माझे शब्द बघायचेत."

मी हो म्हटलं. त्र्यंबक रोडवर थांबून आम्ही मेथी घेतली. घरी तिने ती निवडली, मी भाकरी केल्या. आमच्या घरात कुणी कुणाला चांगलं म्हणत नसे. आवडलं तर आणखी वाढून घ्यायचं. तिने भाकरी आणखी वाढून घेतली.

रविवारी सकाळी ती चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच गेली.

तेराव्यानंतर काकांचा फोन आला. इंजिनिअर आलाय, मशीन बसवलंय, आज यादी पक्की करून पाठवणार आहे. "मी सांगितलं त्याला, पण मला त्याच्यासारखं बोलता नाय येत," ते म्हणाले. "तू ये."

रविराज नावाचा तो इंजिनिअर सभ्य होता. आईबद्दल वाईट वाटलं म्हणाला. मी शब्द सांगितल्यावर त्याने मान डोलावली, पण त्याचीही बाजू होती. हे शब्द इथल्या दोघातिघांना कळतात; दुसऱ्या गावचा ऑपरेटर 'ओढ' वाचून काय समजेल? शिवाय नवं मशीन झाकणबंद होतं, आवाज कमी. मी म्हटलं, शेजारची दोन जुनी मशीन तर राहणारच आहेत ना. तो म्हणाला, आधी चालवून बघू.

कागदाचं खोकं त्याने स्वतःच लावलं. काकांना त्याने बटणं समजावून घ्यायला पुढे बोलावलं, म्हणून मागे त्यांच्या जागी मी उभी राहिले. तिन्ही मशीन सुरू झाली. आधी ठीक चाललं. मग मागचा गठ्ठा मधूनच फुगायला लागला. घडी कुठल्या बाजूला पडायची ही सवय कागदाला कारखान्यातच लागलेली असते आणि खोकं उलटं लागलं होतं. रविराजने झाकणावरून वाकून मला काहीतरी ओरडून सांगितलं. लांबलचक वाक्य होतं. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही.

त्याच्या खांद्यामागून काकांचे ओठ फाकलेले दिसले.

मी हात घातला, वरची घडी उलटी करून दाबून धरली, आणि पुढचा कागद आपला आपण मुकाट्याने बसत गेला. माझे हात काकांसारखेच चालले असतील असं नाही. पण त्यांना सांगितलेलं कळलं.

रविराजने मशीन थांबवलं. मग त्याने काकांना सांगून शेजारची दोन्हीही बंद करवली. एकदम शांत झालं. तो मागे आला, गठ्ठ्याकडे बघितलं, मग मला म्हणाला, परत एकदा सगळे शब्द सांगा. मी सांगितले. प्रत्येक शब्द म्हणताना तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि स्वतःही ओठ हलवून बघत होता. शेवटी त्याने लॅपटॉप उघडला, यादीतले शब्द खोडले आणि हे चार टाइप केले. खाली एक-एक ओळ अर्थाची देऊ, म्हणजे बाहेरगावच्या लोकांनाही कळेल, म्हणाला. ते मला पटलं.

"हेड ऑफिस विचारेल, मॅडम," तो म्हणाला. "कोणत्या कोशातले लिहू?"

काका माझ्याकडे बघत होते. माझा आवाज चांगला मोठा निघाला. त्या खोलीत बोलायला लागतो तेवढा.

"कोशातले नाहीत. लताबाईंचे. माझी आई शब्द घडवायची. मी दुसऱ्यांचे नुसते तपासते, आणि ते मला तिने शिकवलं. मला तिचा फार अभिमान आहे."