आप्पांचा हात

स्वरूपाची बाराच्या बारा चित्रं रक्षा मॅडमनी दोन मिनिटांत सरकवली.

"ड्रॅगन, किल्ले, तलवारी. असलं रोज शंभर जण पाठवतात," पुण्याच्या गेम स्टुडिओतून त्या व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. "गेममधला प्राणी आधी कागदावर जन्माला घालणारं माणूस हवंय आम्हाला. तू पाहिलंयस आणि आम्ही पाहिलेलं नाही, असं काहीतरी पोर्टफोलिओत घाल. पंधरा दिवस देते."

वडगावातल्या त्या घरात पुढं दोन यंत्रमाग, मागं चूल, आणि वर माळ्यावर स्वरूपाचं टेबल. चार दिवस तिनं नुसते कागद फाडले. पाचव्या दिवशी सहज खाली वाकून बघितलं, तर तिचे वडील, आप्पा, तुटलेला धागा जोडत होते. उजव्या हाताची दोन बोटं सात वर्षांमागं मागानं खाल्लेली. उरलेली तीन वाकडी, पण खेकड्यासारखी सुताकडं धावायची. पाठीला पोक. भुवयांवर सुताची पांढरी लव.

ती काढतच सुटली. हात समोरून, बाजूनं, मूठ वळलेला. मान खांद्यात रुतलेली. प्राण्याचं नाव ठेवलं गाठ्या. त्याला लाळही दिली. आप्पांची कधी गळत नव्हती, पण राक्षसाला ती शोभत होती.

दुसऱ्या कॉलला मॅडमबरोबर दोघं साहेब होते. चित्रं बघून तिघंही पुढं सरकले.

"हे एआयनं तर काढलेलं नाही ना?" एका साहेबांनी विचारलं.

स्वरूपानं खाली हाक मारली, "आप्पा, जरा वर या!"

आप्पांनी माग बंद केला, तोंड धुतलं, केस विंचरले. सायबांना पोरीच्या बापाला भेटायचं असंल, असं वाटलं त्यांना. वर येऊन त्यांनी हात जोडले. "नमस्कार सायेब. पोरगी लई कष्टाळू हाय."

"आप्पा, हात दावा. त्यो न्हाय, उजवा."

त्यांनी दाखवला.

"अगदी तस्साच!" कुणीतरी हसलं. "मूठ वळायला सांग ना त्यांना."

"मूठ वळा, आप्पा."

त्यांनी वळली. तेवढ्यात त्यांची नजर स्क्रीनवरच्या चित्रावर गेली.

"ह्ये मी व्हय गं?"

"गप बसा जरा, आप्पा. इंटरव्ह्यू चाललाय."

नोकरी लागली. आई यल्लव्वानं गल्लीत खव्याचा गोड कुंदा वाटला. स्वरूपानं चित्रं इन्स्टाग्रामवर टाकली आणि आठवडाभरात गल्ली आप्पांना गाठ्या म्हणू लागली. सूत घेऊन येणारे मारुतीरावसुद्धा दारातनं तीच हाक द्यायचे. आप्पा ओ द्यायचे. पण आता ते पंगतीला बसत नव्हते. सगळ्यांची जेवणं झाली की भिंतीकडं तोंड करून एकटेच जेवायचे.

पुण्याला निघायच्या दिवशी ती पाया पडली. आप्पा म्हणाले, "माझं काढलंस, ऱ्हाऊ दे. तुझ्या आईला तेवढी सोड, स्वरू."

"व्हय, आप्पा," ती म्हणाली.

मॅडमना पुढच्या महिन्यात एक म्हातारी चेटकीण हवी होती. यल्लव्वाच्या सुजलेल्या गुडघ्यांची चार चित्रं केव्हाच बॅगेत गेली होती.