यवतमधून गोठा दिसेना

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वच्छलाबाईंना महिनाभर विश्रांती सांगितली. केंदूरच्या घरात त्यांची विश्रांती म्हणजे खाटेवरून सगळ्यांना कामं सांगायची आणि ती नीट होत नाहीत म्हणून स्वतःच उठायचं. शेवटी लेक सुवर्णा त्यांना यवतला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना वच्छलाबाईंनी एकच अट घातली, गोठा मोबाइलवर दिसला पाहिजे. मागे तीन म्हशी राहणार होत्या आणि नवरा. भरवसा म्हशींवर होता.

गोठ्यात कॅमेरा आधीपासून होता आणि त्याचा रेकॉर्डर घरात, टीव्हीशेजारी. तो रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीनं दोन वर्षांपूर्वी गाशा गुंडाळला, तेव्हा तिचं ॲपही बंद पडलं. आता घरच्या वायफायवर चित्र दिसायचं, उंबऱ्याबाहेर काही नाही. "नवा घेऊ," असं म्हणून मुलगा दत्ता चाकणला कामावर निघून गेला. त्याची बायको शितल रांजणगावच्या कारखान्यात मशीनचे बिघाड शोधायची. बिघडलेली वस्तू न उघडता टाकून देणं तिला अपमानासारखं वाटायचं.

रविवारी सकाळी ती राउटरच्या सेटिंगमध्ये शिरली.

"काय चाललंय?" सासरे सोपानरावांनी विचारलं.

"पोर्ट फॉरवर्डिंग, मामा. आत्यांनी यवतवरनं गोठा मागितला, तर ते मागणं रेकॉर्डरकडं धाडायचं, हे राउटरला सांगून ठिवायचं. आत्ता तो बाहेरनं आलेल्या सगळ्यांनाच हाकलतोय."

"शाणा हाय की मंग," सोपानराव म्हणाले.

शितलनं रेकॉर्डरचा नेटवर्कवरचा पत्ता आणि पोर्टचा नंबर भरला. तिच्या मोबाइलवर गोठा लख्ख दिसला. तिनं सुवर्णाला लिंक पाठवली आणि यवतला फोन लावला.

"समदं काळं दिसतंय," वच्छलाबाई म्हणाल्या.

"म्हस काळीच हाय, आत्या."

"मला म्हस वळखू येत न्हाई व्हय? काळ्यावर नुसतं गोल फिरतंय."

शितलला आपली चूक कळली. ती घरातल्याच वायफायवर बसून तपासत होती. तिनं वायफाय बंद करून पाहिलं, तर तिच्याही मोबाइलवर गोल फिरायला लागलं. आकडे तीनदा ताडून पाहिले. राउटर बंद करून चालू केला. "जाऊ दे आता," असं सोपानराव दर पाच मिनिटांनी सांगत होते. बायको लेकीकडं गेल्यापासून ते दुपारी गोठ्यातच खाट टाकून झोपत होते, आणि हे यवतपर्यंत पोचावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

मग शितलला एक गोष्ट दिसली. राउटर स्वतःचा बाहेरचा पत्ता एक सांगत होता आणि इंटरनेटवर विचारलं तर दुसराच येत होता. गावात ब्रॉडबँडच्या लाइनी जोडणाऱ्या भिमाजीला तिनं फोन केला.

"वहिनी, कंपनीनं एकच पत्ता लई घरांत वाटलाय," तो म्हणाला. "बाहेरनं आलेलं मागणं तुमच्या राउटरपतूर येतच न्हाई."

"हे लाइन जोडताना सांगायचं न्हाई का?"

"कुणी इचारलंच न्हाई. लोक रील बघत्यात. बाहेरनं आत कशाला कोण यील?"

"माझी सासू येतीय."

भिमाजी वच्छलाबाईंना चांगला ओळखून होता. "हापिसात सांगतो लगीच," तो म्हणाला.

मंगळवारी घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता मिळाला आणि राउटर पुन्हा चालू झाला. तरी यवतला गोल फिरतच होतं. यावेळी शितलला शोधायला फार वेळ लागला नाही. राउटर चालू होताना त्यानं रेकॉर्डरचा जुना पत्ता टीव्हीला देऊन टाकला होता.

"म्हंजी सकाळधरनं मी टीव्हीला हाका मारतीय?"

"व्हय, आत्या."

तिनं रेकॉर्डरचा पत्ता बदलणार नाही असा कायमचा बांधून टाकला. शिवाय आता बाहेरचं कुणीही येऊन दार वाजवू शकत होतं, म्हणून रेकॉर्डरसोबत आलेला सोपा पासवर्डही बदलला.

"पासवर्डला मामांचं नाव ठिवलंय, इंग्रजीत. पुढं तुमच्या लग्नाचं साल."

"मी न्हाई बाई त्यांचं नाव घेणार."

"घ्यायचं न्हाई, आत्या. नुसतं टाइप करायचंय."

ते सुवर्णानं टाइप केलं. यवतच्या मोबाइलवर गोठा उघडला.

"गोदी वाळलीय," वच्छलाबाई म्हणाल्या. गोदी ही त्यांची लाडकी म्हैस.

"आठ दिसांत?"

"तोंडावरनं कळतंय. आन् तिच्याम्होरं खाटंवर कोण पसरलंय?"

पुढचे तीन दिवस फोन वाजतच राहिला. पाणी ठेवलं नाही, शेण ओढलं नाही, गोदीच्या अंगावर उन्हं आली. सोपानराव सुनेला हळूच म्हणाले, "परत बिघडव की थोडं." शितलनं ऐकलं नाही. मेहनत तिची होती.

चौथ्या दिवशी एकही फोन आला नाही. लाइन पडली असेल म्हणून शितलनं कारखान्याच्या बसमधून मोबाइलवर पाहिलं, तर गोठा व्यवस्थित दिसत होता. तिनं यवतला फोन केला.

"बघत व्हते," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता. "आमचे हे गोदीपशी बसून बोलत व्हते. अर्धा तास. तुझ्या ह्याच्यात आवाज येत न्हाई. चाळीस वर्सांत माझ्यासंगं कवा येवढं बोलले न्हाईत."

"काय बोलत व्हते, इचारू का?"

"नको. मी बघते."

संध्याकाळी शितल भाकरी थापत असताना सोपानरावांचा फोन वाजला. तिला एकच बाजू ऐकू येत होती.

"काय न्हाई, असंच... गोदीला सांगत व्हतो, तू कवा येणार ते." मग ते थांबले. "न्हाई, तिनं काय इचारलं न्हाई. मीच आपला सांगत व्हतो."

पलीकडून काय आलं कुणास ठाऊक, पण सोपानराव फोन कानाला लावूनच अंगणात गेले आणि पायरीवर बसले. भाकरी थापून झाल्या, भाजी गार झाली, तरी ते बोलतच होते. शितलनं त्यांना हाक मारली नाही. ताट झाकून ठेवलं आणि आपण जेवून घेतलं.