एकही हरकत आली नाही

थॉमसच्या रविवारी मेलेल्यांबरोबर जेवायचं, हे म्हाताऱ्या सिमेलाच्या गावच्या लोकांना शिकवावं लागत नाही. ईस्टर होऊन आठवडा झाला की चर्चमधली प्रार्थना उरकायची, टोपल्या भरायच्या आणि थेट दफनभूमी गाठायची. आपल्या माणसाच्या कबरीवर चादर पसरायची, लाल अंडी, मटणाचे गोळे, गोड पाव मांडायचा, त्सिपुरोचे, म्हणजे द्राक्षाच्या दारूचे, पेले भरायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून खाऊ घालायचं. घेणाऱ्याने घास तोंडात घालण्याआधी एवढंच म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." त्या दिवशी कुणाला नाही म्हणायचं नसतं, वैरी आला तरी. पणजोबा काळ्या समुद्राकाठून परागंदा होऊन ग्रीसच्या या डोंगरात आले, तेव्हा घरदार मागे राहिलं, ही रीत मात्र सोबत आली.

गाव आता नाहीच. खाली कोळसा निघाला म्हणून वीज कंपनीने ते उठवलं. सिमेला शेवटपर्यंत अडून बसली होती. नवरा सव्वास नुकताच गेलेला, त्याला इथे टाकून शहरातल्या फ्लॅटमध्ये जायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिला उठवलं ते तिच्या धाकट्या भावाने, पान्तेलिसने. खाण कामगारांचा पुढारी तो. बोलायला लागला की दगडालाही पटावं.

"ताई, कायद्यातच आहे," तो म्हणाला होता. "कोळसा काढला नाही, तर जमीन मूळ मालकाला परत. आणि कोळसा आता किती दिवसांचा सोबती? युरोपवाले बंदच करायला निघालेत. मी बसलोय ना इथे! तू सही कर. तुला तुझ्या अंगणात परत आणून बसवलं नाही, तर नाव बदल माझं."

पाठच्या भावाचा शब्द! तिने सही केली. घर पाडताना सगळे तोंड फिरवून उभे होते, ती तेवढी बघत राहिली.

आणि खरंच की हो, कोळसा बंद झाला! खाण वेशीपाशी येऊन थांबली. सिमेला तर अंगणात कुठलं झाड लावायचं, ते ठरवायला लागली. पण जमीन हातात यायच्या आत अथेन्सला कायदा फिरला. जमीन लोकांच्या भल्यासाठी घेतली होती ना? मग उन्हाची वीज हेही लोकांचं भलंच. परत कशाला द्यायची? शहाणपण बघा. तरी एक वाट उरली होती. उन्हाच्या प्रकल्पाला परवाना देण्याआधी वीज नियामक आयोग हरकती मागवतो. गावाची समिती होती, तिचा अध्यक्ष पान्तेलिस. "हरकत मी घालतो," म्हणाला, "तुम्ही निश्चिंत राहा." मग एक दिवस तिच्या दारात येऊन ढसाढसा रडला. "फेटाळली गं ताई. आपल्या गरिबांचं कोण ऐकतंय?" स्वतःचं दुःख गिळून सिमेलानेच त्याला जवळ घेतलं, गरम सूप करून वाढलं.

पुढे तो त्याच प्रकल्पात नोकरीला लागला. आपला एक माणूस आत असलेला बरा, असं सगळ्यांनी स्वतःला समजावलं.

आज दफनभूमीच्या चारही बाजूंना उन्हाची वीज करणाऱ्या काळ्या काचांच्या रांगाच रांगा होत्या आणि त्या सगळ्याभोवती कुंपण. फाटकाला कुलूप. किल्ली पान्तेलिसकडे, आणि त्याच्या पायाशी हेल्मेटांचा ढीग.

"दहा-दहा जणांनी आत जायचं," तो कुणाच्या डोळ्याला डोळा न देता म्हणाला. "हेल्मेट घालून. नियम आहे."

"अरे, हेल्मेट कशाला?" सिमेलाची शेजारीण एव्लाम्बिया ठसक्यात म्हणाली. "माझा नवरा जिवंतपणी मारायचा, आता काय मारतोय?"

सगळे हसले. पान्तेलिसही हसला. तेवढ्यात प्रकल्पाची इंजिनियर आली, अथेन्सची पोरगी, हातात मिठाईचा खोका. बिचारी मनाने चांगली.

"मला तुमच्या गावाचे आभार मानायचेत," ती म्हणाली. "इतर ठिकाणी लोक आयोगापुढे वर्षानुवर्षं भांडतात. तुमच्याकडून एकही हरकत आली नाही. म्हणून तर परवाना इतका लवकर मिळाला."

सिमेलाने टोपली खाली ठेवली.

"हरकत घातली होती," सिमेला म्हणाली. "आयोगाने फेटाळली."

"नाही हो आजी. एकही आली नव्हती. मुदत संपेपर्यंत आम्ही वाट बघत होतो."

सिमेला भावाकडे वळली. तो हेल्मेटं सरळ करण्यात गुंतला होता.

"पान्तेलिस?"

"ताई, ऐक. हरकत घातली असती तर हे लोक दुसऱ्या जिल्ह्यात गेले असते. खाण बंद, पोरं रिकामी. त्यांनी नोकऱ्या कबूल केल्या, मी गप्प बसलो. गावासाठीच केलं गं!"

"मग तसं सांगायचंस. भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, कदाचित ऐकलंही असतं. माझ्या दारात येऊन रडलास कशाला? मी तुला पोटाशी धरलं, मेल्या! सूप पाजलं!"

"कुंपणानेच शेत खाल्लं," एव्लाम्बिया पुटपुटली. पान्तेलिसने खाली मान घालून कुलूप काढलं.

हेल्मेट कुणीच उचललं नाही. सगळे एकदमच आत शिरले. त्याने अडवलं नाही.

सिमेलाने सव्वासच्या कबरीवर चादर पसरली. माणसं येत गेली, ती अंडी देत गेली, "देव त्याला क्षमा करो" ऐकत गेली. मग तिने एक अंडं उचलून एव्लाम्बियापुढे धरलं.

"हे पान्तेलिसच्या नावाचं."

एव्लाम्बियाने फाटकाकडे पाहिलं. तो तिथेच उभा होता, किल्ली मुठीत धरून. तिने अंडं घेतलं. "देव त्याला क्षमा करो."

मागच्या बाईनेही हात पुढे केला. तिच्या मागच्यानेही. गावचे पाद्री आनेस्तिस आले तेव्हा मात्र घुटमळले.

"सिमेला, पाप आहे हे. माणूस जिवंत आहे."

"असेल, फादर. मला एक भाऊ होता, तो गेला. त्याचं मी नाही करायचं, तर कुणी करायचं?"

म्हाताऱ्याने अंडं घेतलं आणि ओठ हलवले.

शेवटी पान्तेलिसच आला. चादरीपाशी गुडघ्यांवर बसला आणि लहानपणी पुढे करायचा तसा हात पुढे केला.

"ताई, मलाही दे."

त्या दिवशी नाही म्हणायचं नसतं. सिमेलाने अंडं त्याच्या तळहातावर ठेवलं.

"म्हण," ती म्हणाली.

अंडं त्याच्या हातात तसंच राहिलं. स्वतःच्याच नावाने ते शब्द काही फुटेनात.

तिने टोपलीतलं पुढचं अंडं काढलं.

"सरक बाजूला," ती म्हणाली. "मागे माणसं उभी आहेत."