कार्डिनलच्या मापाची पट्टी

"हात वर, महाराज. अजून. बास, उडायचं नाहीये आपल्याला."

कार्डिनल एलियास हसले. त्यांची अशी थट्टा आविन्यों शहरात दोघांनीच केली होती. एक त्यांचे सख्खे मामा. पोप झाल्याबरोबर त्यांनी एकोणीस वर्षांच्या भाच्याच्या डोक्यावर कार्डिनलची लाल टोपी ठेवली. ते वारून बारा वर्षं झाली होती. दुसरा हा पोंस शिंपी.

पोंसची मुलगी रिक्सांद टाचण्या घेऊन उभी होती. वडिलांना आता जवळचं दिसत नसे, म्हणून कातडी पट्टीवर मापाच्या खाचा तीच पाडी. एका गिऱ्हाइकाची एकच पट्टी, तो मरेपर्यंत. तिच्यावर दुसऱ्याचं माप घ्यायचं नाही, अशी शिंप्यांची रीत होती. कार्डिनलची सगळी कारकीर्द त्या पट्टीवर होती. पहिली खाच काडीसारख्या पोराची. खांद्यांत नमदा भरल्याशिवाय झगा उभा राहत नव्हता. मग मामांनी तीन गावांचं बिशपपद दिलं. त्यातलं एकही गाव त्यांनी पाहिलं नाही, पण खाचा भराभर बाहेर सरकल्या. एकदाच त्या दोन बोटं आत आल्या. मामा गेल्यावर ते स्वतः पोप होता होता राहिले, त्या वर्षी.

रिक्सांदचं बोट मात्र एका वेगळ्याच खाचेवर अडे. पोपचे दूत म्हणून कार्डिनल इटलीत बोलोन्याला निघाले, तेव्हाची. त्याच आठवड्यात तिचं लग्न होतं. बाबांना सवड नव्हती. तिचा पोशाख पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याने शिवला.

"काखेत बोचतं का, महाराज?" पोंसने विचारलं.

"तू विचारतोस तरी. मामांनी कधी विचारलं नाही."

रिक्सांदच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नात दिवसभर तिच्या काखा सोलवटत होत्या. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

घरी जाताना ती म्हणाली, "बाबा, रविवारी जेवायला या ना. कोकराचं करते."

"हा झगा होऊ दे, पोरी. सणाला घालायचाय त्यांना."

"ढीगभर झगे आहेत त्यांच्याकडे!"

"आहेत गं. पण बोचतात ते."

"बरं," ती म्हणाली. नेहमीसारखीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली, तेव्हा पोंस लाल कापडावर कलंडलेला होता. एक बाही शिवून झाली होती. अंग गार पडलं होतं.

दुपारी कार्डिनलचा कारभारी उगो मेणबत्त्या घेऊन आला. टोपी काढून तो दारात घुटमळला.

"महाराजांच्या मनाला फार लागलंय, बाई. स्वतः प्रार्थना म्हणणार आहेत. पण... सण परवावर आलाय. ती पट्टी आणि कापड दिलंत, तर दुसऱ्या शिंप्याकडे..."

रिक्सांद कफनाचं कापड पसरत होती. गावभराच्या पट्ट्या खिळ्यांना लटकत होत्या. पोंसची त्यांत नव्हती. त्याचं माप कधी कुणी घेतलंच नव्हतं. तिने कार्डिनलची पट्टी काढली, उलटी केली आणि बाबांच्या खांद्यावर लावली.

"अहो बाई, ती महाराजांची!"

तिने सुरीने खाच पाडली, खोल.

"थांबायला सांगा त्यांना," ती मोठ्याने म्हणाली. "आज बाबा माझे आहेत."