पोपोच्या खाणीतला गुंडाळलेला दगड

मी पोपोच्या डोंगरातला एक जुना दगड आहे, सिलिंड्राइट नावाचा. मित्रांनो, कथील, शिसे, अँटिमनी, थोडे लोखंड आणि गंधक मिळून माझा देह घडला. मी थरावर थर गुंडाळत वाढलो, चटईच्या वळकटीसारखा. रंग काळपट करडा, चमक धातूची, आणि अंग इतके मऊ की चोळणाऱ्याची बोटे काळी होतात. जगात माझ्यासारखे फार थोडे आहेत.

खाणकामगार फोर्तुनातोने मला कातळातून सोडवले तेव्हा तो हरखूनच गेला. खनिजाच्या नव्या शिरेतला पहिला दगड टिओपुढे ठेवायचा, ही तिथली रीत. टिओ म्हणजे खाणीचा शिंगवाला धनी, आत त्याची मातीची मूर्ती बसवलेली असते. पण फोर्तुनातोने मला खिशात घातले.

"बायकोला दाखवतो, उद्या आणून ठेवतो," तो सोबत्यांना म्हणाला.

"अगंबाई, किती देखणा!" नोल्बेर्ता म्हणाली आणि तिने मला खिडकीत मांडले. मला फार बरे वाटले. सकाळी तो मला न्यायला विसरला आणि त्याच दिवशी खाणीचे छत कोसळले.

नोल्बेर्ता धावत खाणीच्या तोंडाशी गेली; तिथे काय घडले ते मी नंतर खाणीतच ऐकले. ढिगाऱ्यामागून ठोकण्याचा आवाज येत होता. फोर्तुनातो जिवंत होता! पण माणसे फावडी घेऊन नुसती उभी.

"अहो, बघत काय बसलात? खणा ना!"

"वहिनी, टिओ चिडलाय," म्हातारा तेओदोसिओ म्हणाला. "त्याचा दगड तुमच्या घरी आहे. आधी तो आणा, नाहीतर आम्हीपण गाडले जाऊ."

"खड्ड्यात गेला तो दगड! माझा माणूस ठोकतोय आत!"

कोणी हलेना. शेवटी ती बिचारी चढ चढून घरी गेली आणि मला फडक्यात बांधून घेऊन आली. तेओदोसिओने मला ढिगाऱ्याच्या अलीकडे बसलेल्या टिओपुढे ठेवले, कोकाची पाने वाहिली, टिओच्या तोंडात सिगारेट पेटवून दिली. मला ओरडून सांगायचे होते, अरे बाबांनो, मी कसले छत पाडणार? तुमचे लाकडी टेकू कुजले होते, मी त्यांची करकर रोज ऐकत होतो! पण दगडाला तोंड कुठले?

मग मात्र सगळे जिवाच्या आकांताने खणू लागले. फोर्तुनातो सापडला तेव्हा त्याचे अंग अजून कोमट होते.

नोल्बेर्ता रडली नाही. तिने एवढेच विचारले, "ठोकणं कधी थांबलं, दादा?"

"तुम्ही दगड आणायला गेलात ना," तेओदोसिओ खाली बघत म्हणाला, "तेव्हा."

मित्रांनो, मी आजही टिओच्या पायाशी पडून आहे. मला जपले नाही तरी चालेल. खाणीचे टेकू जपा, आणि आतून कोणी ठोकत असेल तर आधी फावडे उचला.