एकच चाल दोनदा पडली

मित्रांनो, मला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, पण खेळ मध्येच अडकला की माझ्या नावाने बोटं मात्र मोडली आहेत. मी एक जुनी सॉफ्टवेअर लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे हो! दूरदूरचे लोक फोनवर एकत्र खेळतात ना, ते खेळ बनवणारे मला तयारच उचलतात आणि आपल्या खेळात बसवतात. तुमची चाल सर्व्हरपर्यंत पोचवायची, समोरच्याची तुमच्याकडे आणायची, ही हमाली माझी.

माझा कोड एका बाईंनी लिहिला. त्या एका शाळेत संगणक शिकवत. धाकटा भाऊ नोकरीसाठी दूर गेला आणि एकटा पडला. त्याच्याशी दर रविवारी सकाळी साप-शिडी खेळता यावी, म्हणून जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी मला घडवलं. हरला की तो ओरडायचा, "ताई, चीटिंग!" आणि बाई पोट धरून हसायच्या. तेवढेच माझे सुखाचे दिवस. मग बाईंनी मला सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. चांगुलपणा नडला, दुसरं काय!

माझ्यात एक खोड होती. नेट तुटून परत आलं की मी शेवटची चाल पुन्हा पाठवायचे, म्हणजे एकच चाल दोनदा पडायची. बाईंनी दोन दिवसांत ती खोड घालवून नवी आवृत्ती दिली. पण एका बड्या कंपनीने माझी जुनीच प्रत आपल्या खेळात चिकटवली होती. तिथल्या इंजिनिअरने तिच्या माथ्यावर लिहून ठेवलं होतं, "चालतंय, हात लावू नका." चार वर्षं कोणी हात लावला नाही. मग त्यांच्या मोठ्या स्पर्धेत, ऐन अंतिम सामन्यात, एकाची चाल दोनदा पडली आणि तो हरला.

झालं! इंजिनिअरने इंटरनेटवरच्या माझ्या तक्रारींच्या पानावर लिहिलं, "तुमच्या लायब्ररीने आमची अब्रू घालवली." मागोमाग खेळाडूंच्या शिव्या. बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, "दादा, ही चूक चार वर्षांपूर्वीच काढली आहे. नवी आवृत्ती घ्या."

"नवी बसवायला वेळ नाही. जुनीच दुरुस्त करून द्या. आजच."

अरे वा! त्या काय तुझ्या घरच्या नोकर आहेत?

पण बाई पडल्या भिडस्त; बसल्या दुरुस्तीला. तो रविवार होता. भावाचा फोन आला, "ताई, येतेस ना खेळायला?"

"पुढच्या रविवारी, नक्की."

असे सहा रविवार गेले, कारण एकाचं बघून दुसरेही आपापल्या जुन्या प्रती घेऊन दारात उभे. सातव्या रविवारी बाईंनीच फोन केला. भाऊ म्हणाला, "राहू दे गं ताई. तू परक्यांचंच बघ. मी आता वाट बघणं सोडलंय." मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

कंपनीने तर दुरुस्त प्रत केव्हाच मुकाट्याने उचलली होती. आभाराचा एक शब्द नाही.

त्या सातव्या रविवारीच बाईंनी माझ्या पानावर लिहिलं, "यापुढे मी हे सांभाळणार नाही." त्यानंतर एक्केचाळीस तक्रारी आल्या आहेत. प्रत्येकीवर 'तातडीचे' असं लिहिलं आहे. बाईंना काय झालं, हे एकानेही विचारलेलं नाही.

मित्रांनो, फुकट मिळालेली वस्तूही कोणीतरी आपला वेळ मोडून सांभाळत असतं. तक्रार जरूर करा, पण आधी त्या माणसाला विचारा, "बरे आहात ना?" माझ्या बाईंना आता विचारून उपयोग नाही. त्या ते तक्रारींचं पान उघडतच नाहीत.