नर्सच्या डोक्यावरचं नाव

"अव आई, भेऊन काऊन राह्यली? मी बटन दाबल्याशिवाय याच्यात कोनीच मरत नाही," मयुरी म्हणाली.

प्रेमलाने तरीही पदर तोंडावर घट्ट धरला होता. तालुक्याच्या दवाखान्यात वीस वर्षं नर्सगिरी केलेली बाई ती, डरपोक म्हणायची सोय नाही. पण रविवारी दुपारी सहज लेकीचा कॉम्प्युटरवरचा खेळ बघायला टेकली आणि तिचे हातपाय गार पडले. पडद्यावर साथीने ओसाड केलेलं शहर होतं, त्यात एक दवाखाना. सगळी माणसं पांढऱ्या किटमध्ये, तोंडं झाकलेली. ओळखायला डोक्यावर नावं. व्हरांड्याच्या टोकाला एकजण जखमी पडला होता आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, उद्धव.

"बाबाचं नाव देलं," मयुरी हळूच म्हणाली. "सात डाव वाचवलं त्यायले. याच्यात मेलेला वापस येत नाही."

प्रेमलाने ते नाव पुन्हा वाचलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत उद्धव तिच्याच वॉर्डात असा पडला होता. किटवर आधीच स्केचपेनने नावं लिहून ठेवायचे. त्या सकाळी प्रेमलाचं किट चढवतानाच फाटलं. सुचिता सिस्टर तापाने घरी होती, म्हणून तिने सुचिताचं घातलं. उद्धवने छातीवरचं नाव वाचलं.

"सुचिता सिस्टर, माह्या बायकोले बोलवा न. प्रेमला नाव हाय तिचं."

"अवो, मीच आहो."

दोन मास्क, वर शील्ड. तापाने फणफणलेल्या माणसाला काय कळणार? त्याने पुन्हा नाव वाचलं, पुन्हा तेच म्हणाला. पलीकडच्या पेशंटचा ऑक्सिजन संपत होता.

"तिले पाठवतो," असं म्हणून ती तिकडे धावली. परत आली तेव्हा सगळं संपलं होतं. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही.

"नर्सले धाडू का बाबापाशी?" मयुरीने पडद्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या नर्सकडे बोट दाखवत विचारलं. "पन मांगून मारेकरी येऊन राह्यले. गेली त नर्सही मरन."

"नाव काय तिचं?"

"काहीच नाही. नुसतं नर्स."

"माहं टाक." प्रेमला म्हणाली. "मोठं टाक. तुह्या बाबाले वाचता आलं पाह्यजे."

मयुरीने नर्सच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, प्रेमला. बटन प्रेमलाने स्वतः दाबलं.

नर्स व्हरांडाभर चालत गेली आणि उद्धवजवळ बसली.

"आता मारेकऱ्यायची पाळी, आई."

"येऊ दे."

पडद्यावर मागचं दार उघडलं. प्रेमलाने तोंडावरचा पदर खाली घेतला.